खरं शे

माझ्या बापाला खोटारडा म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी छातीठोकपणे सांगायचो. गेल्या वर्षी कळलं की तो जन्मून, शिकून, कॉलेजात शिकवून रिटायरसुद्धा झालाय. धुळ्याला राहतो. नाव प्रेमराज. आमच्याकडच्या तिकीटवाल्यांचं जे प्रदर्शन भरतं त्यात हे परीक्षक असतात, आणि त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा.

मी गौतमचंद टाटिया. जळगावात आमचं कापडाचं दुकान आहे, ते आता मुलगा बघतो आणि मी गल्ल्याशेजारी बसून त्याला सल्ले देतो, जे तो ऐकत नाही. छंद एकच, संस्थानी कोर्टफीची तिकिटं. पोस्टाची नव्हेत हं. राजेरजवाड्यांच्या राज्यात कोर्टात अर्ज द्यायचा, फिर्याद करायची, तर कागदाला जे तिकीट चिकटवावं लागायचं, ते. होळकरांची आहेत माझ्याकडे, बडोद्याची आहेत, बडवानीची तर आख्खी वही आहे. पोस्टाच्या तिकिटांमागे सगळं जग पळतं. कोर्टफीला कुत्रं विचारत नाही, म्हणून मला ती आवडतात. माझी बायको सुगनबाई म्हणते, "लोक कोर्टाची पायरी नको म्हणतात आणि हा माणूस कोर्टाची तिकिटं पुजतो." पुजतो हा शब्द तिचा. पुढे काय होणार होतं ते तिलाही माहीत नव्हतं.

या सगळ्यांत माझा जीव की प्राण म्हणजे खैरपाणी संस्थानचं एक आण्याचं तिकीट. खैरपाणी म्हणजे सातपुड्यातलं एवढंसं संस्थान, शिरपूरच्या वर डोंगरात. नकाशात शोधायला भिंग लागतं. त्या राजाला शिकारीचा भारी शौक, म्हणून तिकिटावर तो घोड्यावर बसलाय, हातात तलवार, आणि घोड्याच्या पायाशी शिकारी कुत्रं. छपाई म्हणाल तर यथातथाच. घोडा जरा गाढवाकडे झुकतो. पण माझ्या तिकिटाची गंमत घोड्यात नाही, घोड्याच्या पोटाखाली आहे. तिथे काळ्या शाईचा हातानं मारलेला शिक्का आहे, दोनच शब्द. 'खरं शे.'

हे तिकीट माझ्या वडिलांनी आणलं. रुपचंद टाटिया. ते डोंगरातल्या आठवडे बाजारांना कापडाचे गठ्ठे घेऊन जायचे, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या कारकुनानं त्यांना ते दिलं. गोष्टही त्यानंच सांगितली. म्हणे संस्थानच्या खजिन्यातून तिकिटांचे गठ्ठे चोरीला गेले आणि बाजारात स्वस्तात विकायला आले. आता चोरीचं कुठलं आणि सरकारी कुठलं, ओळखायचं कसं? तेव्हा दिवाणानं उरलेल्या तिकिटांवर शिक्का मारायचं फर्मान काढलं. दिवाण आपल्याच खानदेशातला. घरी अहिराणी, दारी अहिराणी. त्यानं शिक्का करून घेतला 'खरं शे', म्हणजे हे खरं आहे. वडील ही गोष्ट सांगताना दरवेळी हसायचे. मी पोरगा होतो तेव्हापासून ऐकतोय, आणि मलाही दरवेळी हसू यायचं.

तर गेल्या वर्षी जळगावातच प्रदर्शन होतं. मी खैरपाणीचा संच मांडला, मध्यभागी हे तिकीट. प्रेमराज सर आले, भिंग लावलं, बघितलं, परत बघितलं आणि खाली एक चिठ्ठी चिकटवली. 'संशयास्पद.' सगळ्या जळगावासमोर!

मी म्हणालो, "सर, यात संशय कसला?"

ते म्हणाले, "टाटियाशेठ, तिकीट खरं असेल, शिक्का नाही. संस्थानचं दफ्तर मराठीत चालायचं, दिवाण शिकलेला माणूस. तो 'खरे आहे' असं लिहील. 'शे' कशाला लिहील? सरकारी शिक्क्यावर अशी खेड्यातली बोली मी आजवर कुठे पाहिलेली नाही. आणि या शिक्क्याचं दुसरं तिकीट कुठेच नोंदलेलं नाही."

"पण माझे वडील सांगायचे..."

"वडिलांनी हौसेनं मारला असेल शिक्का. असतात अशी हौशी माणसं."

हौसेनं! तळपायाची आग मस्तकात गेली हो. ज्या माणसानं आयुष्यात कापड मोजताना कधी बोटभर आखडतं घेतलं नाही, त्यानं घरात बसून खोटा शिक्का केला आणि आपल्या पोराला खोटी गोष्ट सांगितली? व्यापाऱ्याकडे असतं काय, नाव. दुकान जळालं तरी पुन्हा उभं राहतं. नाव गेलं की संपलं. मी तिथे काय काय बोललो ते इथे सांगत नाही. सुगनबाईनं माझा सदरा मागून ओढला म्हणून बरं.

प्रेमराज सर मात्र शांत. ते म्हणाले, "मला दुसरं तिकीट दाखवा. वेगळ्या घरातलं, तुमचा ज्या घराशी संबंध नाही असं. त्यावर हाच शिक्का असला तर ही चिठ्ठी मी माझ्या हातानं काढीन. फोटो नको. छपाई, कागद, शाई मला डोळ्यांनी बघायची."

"दाखवतो," मी म्हणालो. "आणि चिठ्ठी तुम्ही सगळ्यांसमोर काढायची."

"काढीन," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्या तिकिटाचा फोटो दाराएवढा मोठा करून घेतला आणि दुकानात गल्ल्याच्या मागे लावला. खाली लिहिलं, 'असे तिकीट कोणाकडे असल्यास भेटावे.' शिक्क्याची जागा मात्र कागद चिकटवून झाकली. का? कारण लोकांना मी ओळखतो. शिक्का दिसला असता तर आठवड्याभरात रबरी शिक्के करून दहा जण दारात उभे राहिले असते, आणि मग प्रेमराज सरांचंच खरं झालं असतं.

मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं. साड्यांच्या दुकानात घोडा! गिऱ्हाइकं विचारायची, "शेठ, घोडं विकायला काढलं का?" कुणी म्हणे हा तुमचा पूर्वज का. मी सगळ्यांना एकच उत्तर देत होतो, "आधी घरातले जुने कागद बघा, मग दात काढा." चाळीसगाव झालं, धरणगाव झालं, शहाद्यापर्यंत जाऊन आलो. रद्दीवाले, वकिलांचे माळे, पाटलांच्या पेट्या. काही नाही. जिथे जाईन तिथे कुणीतरी म्हणायचं, "सोडा ना भाऊ, एका तिकिटासाठी काय जीव टाकता?" एका तिकिटासाठी! मी पुढचं गाव धरायचो.

मग लग्नसराईत एक बाई आली. तिशीतली, अंगावर नीट इस्त्रीची साडी, सोबत दोन नातेवाईक बायका. बस्त्याच्या साड्या बघायला बसणार तेवढ्यात तिची नजर त्या फोटोवर गेली. ती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडून फोटोला नमस्कार केला. मग माझ्याकडे वळून आश्चर्यानं म्हणाली, "शेठजी, तुमनाकडे बी आमना देव शे का?"

मी म्हणालो, "कुठला देव?"

"हाऊ काय! खंडेराव. आमना घर देव्हारामा शे. अशाच. घोडा, कुत्रं, बठ्ठं."

माझ्या हातातली साडीची घडी तशीच राहिली. घोड्यावर स्वार, हातात तलवार, पायाशी कुत्रं. अरे देवा! खंडोबाच की हा. इतकी वर्षं मी भिंगातून बघतोय आणि मला एकदाही सुचलं नाही. मी जैन माणूस, मला काय सुचणार म्हणा. घरी जाऊन सुगनबाईला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "बघा, मी म्हणत होते ना, तुम्ही पुजता म्हणून. आता खरोखर पुजणारे भेटले!"

त्या बाईचं नाव दिपमाला. माहेर धरणगावचं, सासर शिरपूरच्या वर डोंगराला लागून असलेल्या गावात. मी तिच्याकडून पत्ता घेतला आणि दुसऱ्याच दिवशी चोपड्यावरून गाडी काढली.

घर शेतकऱ्याचं, साधं, स्वच्छ. दिपमालाचा नवरा मगन शेतात होता. घरात तिची आजेसासू, यशोदाबाई. नव्वदीकडे झुकलेली, पाठीतून वाकलेली, पण आवाज असा की ओट्यावरून बोलली तर चौकात ऐकू जाईल. "या भाऊ, बसा. पानी ल्या," म्हणाली. मी पाणी प्यालो, चहा प्यालो, पीकपाण्याचं विचारलं, आणि मग हळूच देव्हाऱ्याकडे बघितलं.

होतं! चांदीच्या टाकांच्या रांगेत, काच लावलेल्या एवढ्याशा पितळी चौकटीत. काचेच्या वरच्या कडेला फट होती आणि वर्षानुवर्षं उधळलेला भंडारा, म्हणजे हळद हो, त्या फटीतून आत गेलेला. तिकीट निम्मं हळदीत पुरलेलं. वर घोड्याचे कान आणि राजाची पगडी, बाजूला तिकिटाचे दाते. घोड्याचं पोट आणि त्याखालचं सगळं पिवळंधमक. शिक्का आहे की नाही, काही कळायला मार्ग नाही.

माझा हात आपोआप पुढे गेला.

"हात नका लावा, भाऊ," यशोदाबाई म्हणाली.

मी हात मागे घेतला. मग नाना तऱ्हेनं सांगून बघितलं. म्हणालो, अक्का, हे मला द्या, बदल्यात तुम्हाला जेजुरीहून चांदीचा टाक आणून देतो. ती नाही म्हणाली. म्हणालो, दोन दिवसांपुरतं द्या, परत आणून देतो. तरी नाही. शेवटी म्हणाली, "सूनबाई सांगे, तुमना दुकानमा बी हाऊच देव शे. मंग आमना कसाले मांगतस?"

माझ्याकडे एक असताना तिचा कशाला मागतोय. एकदम रोखठोक प्रश्न.

तेव्हा माझ्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. 'अक्का, हा देव नाही, हे कोर्टाचं तिकीट आहे, आणि घोड्यावर शिकारीला निघालेला राजा आहे.' एवढं म्हटलं असतं की काम झालं असतं असं मला वाटलं. देवच नाही म्हटल्यावर कोण कशाला धरून ठेवील? वाक्य ओठांपर्यंत आलं. मग त्या चौकटीपुढची ताजी जास्वंद दिसली, आणि बाईचा हात दिसला, चौकटीवरची धूळ पदरानं टिपणारा. नाही बोललो. माझ्या बापाचं नाव वाचवायला मी दुसऱ्याच्या घरातला देव उठवून नेणार, हे बापालाच आवडलं नसतं.

पण खोटंही बोलवेना. मी तिला सरळ सांगितलं. "अक्का, माझ्याकडचं माझ्या वडिलांनी आणलं होतं. धुळ्याचे एक साहेब म्हणतात ते खोटं आहे. वडिलांनी घरी बनवलं. असंच दुसरं दाखवलं तरच ते ऐकतील."

यशोदाबाईचा चेहरा बदलला. काठी जमिनीवर आपटली तिनं. "देवले खोटा म्हनस? कोन तो? त्याले आठे लई या!"

"इथे घेऊन येऊ?"

"हां, आठे. चंपाषष्ठीले. त्या दिवस आम्ही बठ्ठा देव खाले काढतस, पुसतस. त्याले त्याना डोयाघाई देखू द्या."

स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे म्हणाली! गाडीत बसल्यावर मी हिशोब मांडला. चंपाषष्ठी मार्गशीर्षात, तोवर आख्खा पावसाळा जायचा. आणि खाली शिक्का नसलाच तर? चोरीच्या आधी विकलेल्या तिकिटांवर शिक्का नव्हताच, तशी दोन माझ्याच वहीत आहेत. तसलंच हे निघालं तर प्रेमराज सर त्या देव्हाऱ्यासमोर उभे राहून म्हणणार, बघा, इथे काही नाही, मी म्हणत होतो तेच. माझ्या वडिलांना दुसऱ्यांदा खोटं ठरवायला मीच त्यांना गाडीत घालून नेणार होतो.

तरी नेलं. माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. सुगनबाई म्हणते, तो गुण नाही, दुखणं आहे.

प्रेमराज सर आधी तयारच होईनात. फोनवर म्हणाले, "देव्हाऱ्यातलं तिकीट? टाटियाशेठ, चेष्टा करताय का?" मी म्हणालो, "तुम्हीच म्हणालात, वेगळं घर, माझा संबंध नको, डोळ्यांनी बघायचं. यापेक्षा वेगळं घर मी कुठून आणू?" त्यांनी तारीख विचारून घेतली. मग म्हणाले, "येतो." माणूस शब्दाचा पक्का आहे, एवढं मान्य करायला हवं.

चंपाषष्ठीला सकाळीच धुळ्याहून त्यांना घेतलं. शिरपूरपर्यंत आम्ही फक्त थंडीबद्दल बोललो. शिरपूर सोडल्यावर मी त्यांना एकच ताकीद दिली. "तिथे तिकीट हा शब्द काढायचा नाही. त्यांचा तो देव आहे. तुम्ही दर्शनाला आलाय." सरांनी मान हलवली.

घरात गर्दी. मगन होता, दिपमाला होती, शेजारपाजारचे होते. चुलीवर वांगी भाजत होती, भरिताचा वास सगळीकडे. देव पाटावर काढून ठेवलेले. यशोदाबाईनं प्रेमराज सरांना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "हाऊच का तो?"

"हेच," मी म्हणालो.

"बस," ती सरांना म्हणाली. कॉलेजात मोठमोठ्या पोरांना बसवणारा माणूस पाटासमोर मुकाट मांडी घालून बसला.

मग तिनं ताम्हन पुढे घेतलं आणि टाकांना पाण्यानं आंघोळ घालायला सुरुवात केली. एक टाक, दुसरा टाक. चौकटीकडे हात गेला तसा मी जवळजवळ ओरडलोच, "पाणी नको अक्का!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. खैरपाणीची शाई पाण्यानं उतरते. एक थेंब पडला की घोडा, राजा, शिक्का, सगळं वाहून जाणार.

"माले का माहीत नही का?" यशोदाबाई म्हणाली. "कागद शे तो. त्याले पानी नही घालतस. सासू सांगी गयी." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही काढतस का हयद? तुमनाबी घर देव शे, तुमले जमी जाई."

म्हणजे हळद मी काढायची. जिला हात लावू नका असं तिनं मला बजावलं होतं, ती चौकट तिनं स्वतः माझ्या हातात दिली. मी हात धुऊन आलो. खिशातून चिमटा काढला, मऊ ब्रश काढला. मागचा पत्रा सोडवला. खाली वाटी धरली, आणि एकेक करून हळद झाडायला लागलो. जोर दिला तर कागद फाटणार, फार पुराणा झालेला. श्वास घेतानासुद्धा मी तोंड बाजूला करत होतो. आधी कुत्र्याची शेपटी निघाली. मग पुढचे पाय. हळद वाटीत पडत होती, आणि बायका वाटीकडे बघत होत्या, ती प्रसादाची ना.

मग घोड्याच्या पोटाखाली काळं काहीतरी दिसलं.

मी ब्रश खाली ठेवला. हात पुसले, ब्रश उचलला, मग परत झाडलं. एक अनुस्वार. एक मात्रा. उरलेली हळद झाडली, पण अक्षरं वाचली नाहीत. चौकट तशीच उचलून प्रेमराज सरांसमोर पाटावर ठेवली.

"बघा," मी म्हणालो.

सरांनी भिंग काढलं. वाकले. नाक जवळजवळ टेकलं चौकटीला. गावातल्यांना वाटलं, काय भक्ती आहे माणसाची! एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणालासुद्धा, "साहेब भलताच भाविक शे." सर बघतच राहिले. भिंग वर घेतलं, खाली घेतलं, चौकट उजेडाकडे तिरकी धरली.

यशोदाबाईला धीर निघेना. आयुष्यभर त्या हळदीखाली काय आहे ते कुणी बघितलं नव्हतं. "काय लिखेल शे, भाऊ?" तिनं विचारलं.

सरांनी भिंग खाली ठेवलं. मग अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "खरं शे."

"जोरमा बोल ना! बठ्ठासले ऐकू येवाले पाह्यजे."

प्रेमराज सरांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मग यशोदाबाईकडे. आणि चांगला मोठा, खणखणीत आवाज काढून म्हणाले, "खरं शे, माय! खरं शे!"

"येळकोट येळकोट जय मल्हार!" सगळं घर ओरडलं. भंडारा उधळला. माझ्या टकलावर, सरांच्या चष्म्यावर, भिंगावर, सगळीकडे. मी चटकन चौकटीवर हात आडवा धरला, सवयच ती. आणि तिथेच, त्या गोंगाटात, मला रडू आलं. लाज वाटून घ्यायलाही वेळ नव्हता. सारखं एकच मनात येत होतं, बाबा, तुम्ही सांगितलं होतं तसंच आहे हो, अक्षर न् अक्षर.

आवाज जरा निवला तसे प्रेमराज सर यशोदाबाईकडे सरकले. शिक्षकाचा पिंड, राहवतंय कुठे? "आजी," ते म्हणाले, "तुम्हाला एक सांगायला हवं. हे खरं तर..." मी त्यांच्या पायावर पाय दिला. ते तरी थांबेनात. "हे खरं तर एक तिकीट आहे."

संपलं, म्हटलं. सणासुदीच्या दिवशी या माणसानं घात केला.

यशोदाबाई त्यांच्याकडे, एखाद्या मंद पोराकडे बघावं तसं बघत होती. "तिकीटच शे ते. मी का आंधयी शे का? कडाले दात शेतस ते दिसतस माले." ती पाटाकडे वळली आणि पदरानं चौकट पुसायला लागली. "मना आजेसासरानं वावर खाई टाकं व्हतं सावकारनी. तो डोंगरमा राजाना कोर्टमा गया. कोनी नव्हतं त्याना संगे. त्यानी कागदले हाई तिकीट लावं, नि वावर परत भेटनं. कागद उंदीर खाई ग्यात, हाई उरनं. त्या येळले खंडेराव तिकीटवर बशीसन उना. कसावर बशीसन येवो, ती देवनी मर्जी. तुम्ही काय मोटरवर नही उनात का?"

देव तिकिटावर बसून आला, आम्ही मोटारीतून! सगळे हसले. प्रेमराज सरही हसले. मी मात्र ओशाळलो. सहा-सात महिने मी एक वाक्य जिभेखाली दाबून फिरत होतो, की या बाईला कळलं तर तिचा देव जाईल. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी ते वाक्य बोललो असतो तरी तिनं मला दुसरा चहा पाजून परत पाठवलं असतं.

जेवायला बसवलं. भरीत मला चालत नाही, वांगं नाही, कांदा नाही. दिपमालानं न विचारता भाकरीवर तूप आणि गूळ वाढलं. निघताना यशोदाबाईनं त्या वाटीतली थोडी हळद कागदात बांधून माझ्या हातात दिली. "तुमना देवले लावज्यात," म्हणाली.

परतीच्या वाटेवर प्रेमराज सरांनी चष्म्यावरची हळद पुसली. मग आपणहून म्हणाले, "आमचं गाव धुळ्याजवळचंच. आई असंच बोलायची. शाळेत 'शे' म्हटलं की मास्तर हातावर छडी मारायचे. बोली सुटली ती सुटलीच." बोलायला माझ्याकडे भरपूर होतं, वर्षभराचं साठलेलं. पण माणसाच्या पापणीवर अजून भंडारा होता.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "प्रदर्शनात नोंद करावी लागेल. दुसरं तिकीट कुठे, कुणाच्या मालकीचं, ते लिहावं लागतं. घर मगनच्या नावावर आहे की आजींच्या?"

"घर कुणाचंही असो," मी म्हणालो. "मालक खंडेराव लिहा."

त्यांनी तसंच लिहिलं. जानेवारीतल्या प्रदर्शनात माझ्या तिकिटाखालची चिठ्ठी त्यांनी सगळ्यांसमोर आपल्या हातानं काढली, आणि नवीन लावली. 'खैरपाणी संस्थान, एक आणा, शिक्का अस्सल. संग्राहक: रुपचंद टाटिया. दुसरी प्रत: शिरपूर तालुका, मालक: खंडेराव, पूजेत असल्याने प्रदर्शनास उपलब्ध नाही.' लोक वाचून हसत होते. हसू देत.

यशोदाबाईची हळद मी तिकिटाला लावली नाही. जीव गेला तरी लावणार नाही, तिकिटाला हळद म्हणजे काय, छे! पुडी घरी आणली आणि भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोला बोटभर लावली, कपाळावर, मधोमध.

सुगनबाई दारात उभी राहून बघत होती. "अहो," ती म्हणाली, "आपल्यात भंडारा लावतात का?"

"बाबांना लावतात," मी म्हणालो.

तिनं माझ्या हातातली पुडी घेतली, उरलेली हळद नीट बांधली आणि फोटोच्या मागे ठेवून दिली.